शेगडीवरची भिंत

सासऱ्यांची कॅरॅव्हॅन आतून उचकटायला घेतली, त्या शनिवारी सकाळी मी चांगल्या मूडमध्ये होते. दुपारपर्यंत माझं डोकं फिरलं होतं.

साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात नोकरी पक्की झाल्यावर त्यांनी ती घेतली होती, आणि माझा नवरा शाळेत असेपर्यंत दर उन्हाळ्यात हे चाकांवरचं घर कारला जोडून वेल्सच्या नाहीतर कॉर्नवॉलच्या समुद्रावर नेलं. पुढे ती घराच्या कडेला ताडपत्रीखाली पडून राहिली. आता सासऱ्यांच्या मनाने घेतलं होतं की ती नीट करून येत्या उन्हाळ्यात सासूबाईंना पुन्हा समुद्रावर न्यायचं, दोघांनीच. सासूबाई हो म्हणाल्या नव्हत्या आणि नाहीही म्हणाल्या नव्हत्या. काम निघाल्यापासून त्या ड्राइव्हवेवर फिरकल्याच नव्हत्या. गुडघे दुखतात म्हणायच्या, आणि आम्ही ते खरं धरलं होतं.

काम साधं वाटलं होतं. बाकडी, कपाटं, भिंतीचं प्लायवूड काढायचं आणि आतला सांगाडा बघायचा. पण एक स्क्रू सरळ निघेल तर शपथ. सगळ्यांची डोकी गंजून गुळगुळीत झालेली. स्क्रू नव्हते तिथे पिना ठोकलेल्या, पिना नव्हत्या तिथे गोंद. जमिनीवरचं लिनो टीचभर सुटायचं आणि फाटायचं. त्यात सासरे दारातच बागेतली खुर्ची टाकून बसलेले. निघालेला प्रत्येक तुकडा मागून घेऊन ते त्यावर पेन्सिलने नंबर घालत होते, कारण सगळं परत जसंच्या तसं बसवायचं होतं. जे लाकूड माझ्या बोटांत ओल्या बिस्किटासारखं तुटत होतं, त्यालासुद्धा नंबर. मी म्हटलं, बाबा, हे टाकावंच लागेल. ते म्हणाले, जपून काढ, ओरिजिनल आहे ते. हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं की शेवटी मी हातातली पटाशी खाली ठेवली आणि जरा बाहेर जाऊन उभी राहिले.

परत आले तर बाप-लेकाचं जुंपलेलं. नवरा टॉर्च घेऊन गळती शोधत होता. त्याच्या मते छत गळत होतं. हे सासऱ्यांना चांगलंच लागलं. दर वर्षी मी स्वतः शिडीवर चढून सगळे सांधे बुजवायचो, एक थेंब आत आला नाही, असं ते परत परत सांगत होते. दोघांपैकी कुणी कुणाचं ऐकेना, आणि मी मधे मास्क लावून धूळ खात होते. खरं सांगते, ती अख्खी गाडी त्याच क्षणी भंगारात द्यावी असं मला वाटलं.

मग आतल्या शेगडीवरच्या भिंतीचं प्लायवूड निघालं. निघालं कसलं, हातातच आलं. मागची चौकट बुरशीने काळी पडलेली, हात लावला की भुगा. पण छताच्या कडेचं लाकूड ठणठणीत कोरडं होतं. कूज वरून खाली आलीच नव्हती. ती शेगडीच्या मागून सुरू होऊन दोन्ही बाजूंना पसरली होती.

आम्ही हाका ऐकत नाही म्हणून चहाला बोलवायला सासूबाई अखेर स्वतः बाहेर आल्या. दारातून आत वाकून त्यांनी ती भिंत पाहिली.

"छत नव्हतं गळत," त्या म्हणाल्या. "ही माझी वाफ आहे."

नवऱ्याला कळेना, तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं. पहिल्याच वर्षी कॅम्पसाइटवर शेजारची एक बाई नाकाला रुमाल लावून गेली होती. तेव्हापासून स्वयंपाकाच्या आधी बाबा सगळ्या खिडक्या लावून घ्यायचे, छतावरचं झाकणसुद्धा. फोडणीचा वास बाहेर जायला नको. मग त्या आत कोंडून कुकर लावायच्या, लसणाची फोडणी घालायच्या, पोळ्या भाजायच्या. बाबा आणि तो बाहेर वाळूत. जेवणं झाली की घळघळणाऱ्या भिंतीही त्याच पुसायच्या.

"मला आठवते," नवरा म्हणाला. "वॉल्सवरून पाणी यायची. आय थॉट ऑल कॅरॅव्हॅन्स डिड दॅट."

मला सासऱ्यांचा भयंकर राग आला. लग्न झाल्यापासून त्या सुट्ट्यांच्या किती गोष्टी मी ऐकल्या होत्या. सगळ्या वाळूवरच्या होत्या, आतली एकही नव्हती.

सासरे हातातल्या फळीकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, येत्या उन्हाळ्याचं काय, येणार नाहीस का?

"येईन की," सासूबाई म्हणाल्या. "पण शेगडी बाहेर मांडायची, दारासमोर उघड्यावर. नाहीतर तुम्ही एकटे जा."

"अगं, लोक असायचे आजूबाजूला," सासरे हळू आवाजात म्हणाले.

"आताही असतील," सासूबाई म्हणाल्या.