माझे उखाणे, आणि चोर मीच

भिंतीवर माझा निबंध लावला होता. प्रोजेक्टरवर, एवढा मोठा. आणि त्यातल्या माझ्या ओळी लाल. एकदोन नाही, पानंच्या पानं लाल.

"अम्मा, उभ्या राहा," सर म्हणाले. माझ्या धाकट्या लेकाहून लहान असतील. मी उभी राहिले. गुडघे दुखतात, तरी राहिले. मग ते वर्गाकडे बघून म्हणाले, "ही कॉपी कुणाची? आपल्या अम्मांची. या वयात."

वर्ग हसला.

मी कोण ते सांगते. बेंगळुरातल्या शिवाजीनगरात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. आमच्या चार पिढ्या इथंच गेल्या. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं मी पोरांची पुस्तकं आणि रद्दीतली मासिकं वाचून शिकले. साठी ओलांडल्यावर दहावी, बारावी बाहेरून दिली आणि आता संध्याकाळच्या कॉलेजात बी.ए.ला बसते. पदवी कशाला या वयात, विचारतात लोक. मला हवीय. बस.

निबंधाचा विषय होता, लोकांच्या तोंडची गाणी आणि मोबाईल. मी उखाण्यांवर लिहिलं. उखाणे मराठीत, खाली अर्थ कन्नडात. कारण मी उखाणे करते, हो. नवरी ब्लाउज टाकायला आली की टेप लावता लावता विचारते, काय करतो ग नवरा? घरी कधी येतो? चिडतो का? वहीत बाहीचं, गळ्याचं माप लिहायचं आणि त्याच पानावर खाली उखाणा. तिच्या मापाचा. आमच्यात रीत अशी की उखाणा घेणारीचा. करणारीचं नाव कुणी सांगत नाही. मीही कधी सांगितलं नाही. गाढवपणा माझा.

दोन वर्षांमागे एचएसआर लेआउटमधून एक मुलगी आली. पुण्याची, आयटीतली, बोलायला साखर. "काकू, किती ऑथेंटिक आहे हे सगळं." मी चहा केला, चिरोटी वाढली. ती मोबाईल उभा करून बसली, मी वही उघडून एकेक उखाणा म्हणून दाखवला. जाताना विचारलं तिनं, कुणाचं नाव घालू खाली? मी हसले. म्हटलं, "उखाण्याला कुठं नाव असतं ग?"

तिनं ते नीट ऐकून ठेवलं. पैठणी नेसून माझा एकेक उखाणा रीलवर म्हटला, शब्द खाली टाईप केले, वर लिहिलं, 'माझ्या आजीचे उखाणे'. पोरी त्या आवाजावर ओठ हलवून आपापली रील्स करत होत्या म्हणे. मला पत्ता नाही. कॉलेजच्या कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र सगळं ठाऊक.

हे मला त्या दिवशी वर्गात उभ्या उभ्या कळलं. सरांनी तिचं रील लावलं. मी म्हटलं, सर, हे माझेच आहेत. "सगळे असंच म्हणतात, अम्मा." मग त्यांनी कागद वाटले. कॉपी या विषयावर प्रत्येकानं मत लिहायचं, उदाहरण माझं. आणि मतं मोठ्यानं वाचली. मी उभीच.

एकानं लिहिलेलं, चोरी ती चोरी, वय बघू नये. एकीनं लिहिलं, दुसऱ्याचा आवाज उचलून रील केलं तर ट्रेंड म्हणतात, निबंधात आलं तर चोरी. आम्हाला नीट शिकवलं कुणी? पोरगी शहाणी. पण एक मत मला आजही टोचतं. 'आंटींना मोबाईल कळत नाही, सोडून द्या.' दया. चोर म्हटलेलं परवडलं.

शेवटी माझ्यासमोर माफीनामा आला. मी दुसऱ्याचं लेखन चोरलं, खाली सही. सही नाही तर परीक्षा नाही.

घरी येऊन त्या मुलीला फोन लावला. शांत होती. "काकू, तुम्हीच म्हणालात ना, नाव नसतं? रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे." मी म्हटलं, आणि आजी? "अहो, ते स्टोरीसाठी लागतं. तुम्हाला टॅग करते ना हवं तर."

मी रडले नाही असं लिहिणार होते. रडले. मग तोंड धुतलं आणि जुन्या वह्या काढल्या. त्यात सुनीताचं पान सापडलं. तिचा नवरा सतीश इथल्या देवनहळ्ळीच्या विमानतळावर टॅक्सी चालवतो. तिला मी करून दिलेला:

देवनहळ्ळीला विमान उतरतं, माणसं येतात दुरून,
सतीशरावांची टॅक्सी रोज घरीच येते फिरून.

रीलवर तोच. सतीशरावांच्या जागी रोहनराव, एवढाच फरक.

पुढच्या तासाला मी बाकावर बसलेच नाही. सरळ फळ्यापुढं गेले. वही दाखवली, तर सर म्हणाले, वहीत काय, आज लिहून जुनी तारीख घालता येते. सरी, बरं, म्हटलं, वही ठेवते बाजूला. रील लावा. त्यात ती स्वतःच सांगते, 'आजी पुणं सोडून कुठं गेली नाही आणि मी बालवाडीत असताना वारली.' तेव्हा देवनहळ्ळीला विमानतळ नव्हताच, द्राक्षांचे मळे होते, सर. मी बघितलेत. "मग आजीचं विमान कुठं उतरलं? द्राक्षांत?"

वर्ग हसला. या खेपेला हसले नाहीत ते एकटे सरच.

तास संपल्यावर ते मागे मागे आले. "अम्मा, स्वल्प ॲडजस्ट माडी, थोडं सांभाळून घ्या. मार्क देतो पूर्ण. विषय इथंच संपवू."

मी म्हटलं, "जिथं लाल केलंत तिथंच पुसा. सगळ्यांसमोर."

वर्गात माफी मागणं त्यांच्या पदाला शोभत नाही म्हणाले. माझ्या पांढऱ्या केसांना शोभलं होतं का? मी पिशवीतून माफीनामा काढला. माझं नाव खोडलं, त्यांचं लिहिलं, आणि दिला हातात. सहीची जागा कोरी आहे, म्हटलं.

आता मला समजवायला लोक येतात. लेक म्हणतो, आई, परीक्षा जवळ आलीय, सोड. ती मुलगी रोज निरोप पाठवते, पैठणी पाठवू का विचारते. माझा उखाणा म्हणताना नेसलेलीच पाठवते की काय, कोण जाणे. मी उत्तर देत नाही. तिनं त्याच मोबाईलसमोर बसून सांगावं, आजी खोटी होती, उखाणे शिवाजीनगरच्या शिंपिणीचे. सुनीता आणि आणखी नऊ बायका, उखाणे मीच करून दिले अशा कागदावर सही करून बसल्यात. त्यातल्या दोघी तिच्याच ऑफिसात आहेत. तिथंही कागद पोचेल.

काल एक नवरी आली. माप घेतलं, उखाणा केला, आणि सांगितलं, मांडवात आधी माझं नाव घ्यायचं, मग नवऱ्याचं. तिची आई म्हणाली, अक्का, अशी रीत नाही. म्हटलं, नव्हती.

गुरुवारी प्राचार्यांनी बोलावलंय. मिटवून टाका म्हणतील, गोड बोलतील, कॉफी मागवतील. मी कॉफी पिईन. मिटवणार नाही.