दुपारचं पाणी

आमच्या कचेरीत माझी एक सहकारी आहे; सारखे प्रश्न विचारते म्हणून तिला 'चौकशी खिडकी' म्हणतात. तोंडावरही म्हणतात, तिला राग येत नाही. सतरा प्रयोगशाळा आपली मोजमापं एका सामायिक कोठारात ठेवतात. त्या आकड्यांसोबत कुठे मोजलं, कशाने मोजलं, असं काय काय नोंदवायचं, ते रकाने ही ठरवते. याला मेटाडेटा म्हणतात. मी शेजारच्या टेबलावर बसतो आणि खरं सांगतो, मला हे डब्यांवर चिठ्ठ्या डकवण्याचं काम वाटायचं.

मग एका तलावाच्या तापमानाच्या नोंदी आल्या. एका निवृत्त तंत्रज्ञाची सव्वीस वर्षांची मेहनत, एक दिवस चुकलेला नाही. पण मधली दोन वर्षं पाणी एकदम दोन अंशांनी गरम. समितीने उंटावरून शेळ्या हाकत ठरवलं, की उपकरण बिघडलं होतं; सोमवारपर्यंत खुलासा आला नाही, तर सगळ्याच नोंदी बाद. फोनवर तंत्रज्ञ एवढंच म्हणाले, "उपकरण ठणठणीत होतं."

शनिवारी ही त्यांच्या घरी, आणि सोबत ओढून नेलेला मी. काका ताकास तूर लागू देईनात. मग तिने मूळ वह्या मागितल्या आणि पानं चाळता चाळता थांबली.

"काका, या दोन वर्षांतलं अक्षर कोणाचं?"

हात पुसत काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"माझं. यांचा पाय मोडला होता. तलावाची उतरण झेपेना, म्हणून मी जायचे."

"किती वाजता जायचात?"

"सासूबाईंची अंघोळ, जेवण उरकून. एक तरी वाजायचाच."

काका मोजायचे सकाळी सातला.

"सही मात्र मी माझीच केली," काका म्हणाले. "ते खोटं ठरलं, तर सव्वीस वर्षं खोटी ठरतील ना?"

"खोटं नाही काका, दुपारचं आहे. चूक माझी. वेळेचा रकाना मी सगळ्या नोंदींना मिळून एकच ठेवला, आणि मोजणाऱ्याचा तर ठेवलाच नाही."

तिच्या कामाला डब्यांवरच्या चिठ्ठ्या समजल्याची मला लाज वाटली.

तिने तिथेच लॅपटॉप उघडून दोन रकाने वाढवले. काकू म्हणाल्या, "माझं नाव कशाला? मी नुसतं बघून लिहायचे."

"मोजणं म्हणजे तेच, काकू."

सोमवारी सगळ्या नोंदी कोठारात गेल्या. संध्याकाळी काकांचा फोन आला. स्वतःच्या चोवीस वर्षांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. म्हणाले, "हिचं नाव कुठे दिसतं, ते जरा सांगता? शेजारी बसलीय, पण विचारत नाहीये."