द्यायचा राहिलेला डबा

मारिसोल गेल्याचं सूनबाईनं सांगितलं तेव्हा मी चकल्या तळत होते. "आता डबा कुणाला देऊ?" असं मी विचारलं म्हणे. "अहो आई, आधी बसा बघू," ती म्हणाली. दीड महिना झाला, मला अजून उत्तर सापडलेलं नाही…

स्टुटगार्टच्या आमच्या इमारतीत मारिसोल दोन मजले वर राहायची. मूळची कोलंबियाची. पुस्तकं लिहायची, सिनेमेही स्वतःच लिहून स्वतःच चित्रित करायची. दिवसा भाषांतरं करून पोट भरायचं आणि उरलेल्या वेळात परमुलखातल्या बायकांच्या गोष्टी. एका निर्मात्यानं तिला नायिकेला मोलकरीण दाखवायला सांगितलं, म्हणजे इथल्या लोकांना पटेल म्हणे. ही तिथून तडक माझ्या ओट्याशी, नेहमीसारखी फ्रिजला टेकून. "माझ्या नायिकेला नाटक लिहायचंय. त्याच्या खिडक्या तो पुसेल!" तिचं जर्मन पक्कं, माझं मोडकं, पण चिडली तरी माझ्यासाठी हळू बोलायची.

शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे मीच तिला शिकवलं. मग माझा स्टीलचा डबा वर-खाली फिरायला लागला. जाताना लाडू, येताना मक्याच्या भाकऱ्या, कधी नव्या गोष्टीची पानं. स्पॅनिशमधली! मी ती नुसती चाळून "छान" म्हणायची.

वीसेक वर्षांपूर्वी तिनं मला सिनेमात घ्यायचं ठरवलं. मी तेव्हा पंचेचाळिशीची, अक्कल पंधराची. "चेहरा नको हं! पुण्यात कुणी पाहिलं तर?" जणू अख्खं पुणं त्या तीस खुर्च्यांच्या थिएटरात येऊन बसणार होतं. तिनं नुसते हात घेतले, पुरणपोळी लाटणारे. पडद्यावर ते बघून पुढची एक बाई डोळे पुसायला लागली. मी शेवटच्या रांगेत, हात कोटाच्या खिशात लपवून.

"तुझे आहेत म्हणून सांगू तिला?" मारिसोल कानाशी.

"खबरदार!"

या वर्षी तिच्याकडून डबा आला, त्यात भाकऱ्यांवर चिठ्ठी: "शेवटचा सिनेमा. सगळं झालंय, तुझा चेहरा राहिलाय. देतेस?" ती आजारी आहे हे मला ठाऊक होतं. मनात तेव्हाच हो म्हटलं. पण ते सांगायला रिकामा डबा घेऊन कशी जाऊ? भाजणी पुण्याहून यायची होती, गुडघा कुरकुरत होता… तीन आठवडे गेले. फोन होता की हाताशी! पंचेचाळिशीतल्या त्या बाईला मी हसते खरी, पण ही पासष्टीची तरी कुठली शहाणी?

परवा तिची संकलक मैत्रीण तो सिनेमा पुरा करायला कॅमेरा घेऊन आली. मी ओट्याशी उभी राहिले. "कुठे बघू?" "मारिसोल टेकायची तिथे, फ्रिजकडे," ती म्हणाली. मी बघितलं. हसले की रडले, मलाच कळलं नाही. पडद्यावर दिसेल तेव्हा दिसेल.

डबा फळीवर आहे. चकल्या मऊ पडल्यात. "आई, टाकू का?" सूनबाई विचारते. नको म्हटलं. द्यायची पाळी अजून माझीच आहे.