दुपारची धडधड

ताई गेली आणि महिन्याभरात माझ्या छातीत काहीतरी सुरू झालं. दुखत नव्हतं, जळत नव्हतं. दुपारी जेवण आटोपून पुस्तक घेऊन पलंगावर आडवी झाले की केव्हातरी आत एकदम धक्का बसायचा, कुणी पाठीमागून थाप मारावी तसा. मग हृदय जे धावत सुटायचं ते बराच वेळ थांबायचं नाही. मी उठून बसायचे, पाणी प्यायचे, मनगटावर बोटं ठेवायचे आणि वाट बघायचे. कशाची, ते मला चांगलं ठाऊक होतं. ताई अशीच गेली होती, सकाळी भाजी निवडता निवडता, हृदयाच्या झटक्याने. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी होती, म्हणजे अजून माझी पाळी यायची नव्हती. पण ज्या कुळात हे एकदा शिरलं तिथे ते वय कशाला विचारेल, असं मला वाटायचं.

राजुऱ्यातल्या या घरात आम्ही दोघीच राहत होतो. मी लग्न केलं नाही, इथल्या कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. भाऊजी वारल्यावर ताई माझ्याकडे राहायला आली आणि घराचा आवाज झाली. बोलण्याचं सगळं काम तिच्याकडे, ऐकण्याचं माझ्याकडे. मी निवृत्त झाल्यावर आम्हाला पूर्ण दिवसांची दोनच वर्षं एकत्र मिळाली.

तिचा मुलगा नागपूरला असतो. धडधडीचं मी त्याला सांगायलाच नको होतं. सांगितलं, आणि त्याने दुसऱ्या दिवशी फोन करून माझ्यासाठी गॅलरीकडची खोली रिकामी केल्याचं कळवलं. त्याचा स्वर हुकुमाचा नव्हता, म्हणून नाही म्हणणं आणखी अवघड होतं. नागपूरला जायचं म्हणजे हे घर बंद करायचं. पुस्तकं कुणाला तरी द्यायची, गल्ली सोडायची, आणि ताई जिथे शेवटची बसली होती तो ओटाही सोडायचा. मी मुदत मागितली. आधी तपासून घेते, म्हटलं. संक्रांतीपर्यंत धडधड थांबली नाही तर येईन.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, सोनोग्राफीसारख्या यंत्रावर हृदय बघितलं, एक दिवस छातीला तारा लावून घरी पाठवलं. मग समोर बसवून सांगितलं की हृदय चांगलं आहे. मधूनमधून एखादा ठोका वेळेच्या आधी पडतो, त्यानंतर जरा थांबल्यासारखं वाटतं, आणि पुढचा जोरात लागतो. पुष्कळ लोकांना होतं. चहा कमी करा, फिरत जा, झोप घ्या. चक्कर आली, दम लागला, छातीत दुखलं तर मात्र लगेच या. मी मान डोलावली आणि एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. एवढा मोठा धक्का मला बसतो आणि या भल्या माणसाला तो कागदावर दिसत नाही, म्हणजे कागदच कच्चा असला पाहिजे.

नोकरीची सगळी वर्षं मी मुलांना सांगत आले होते की पुस्तक उघडा, उत्तर मिळेल. आता मी पुस्तक उघडलं की आजार मिळायचा. मोबाइल तर त्याच्याही पुढचा. त्यात धडधड असं नुसतं लिहिलं तरी तो थेट शेवटच्या पानावर नेऊन ठेवायचा. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी पदराखाली नाडी धरून बसायचे. वाढणाऱ्या मुलींना वाटायचं की बाईंना थंडी वाजते आहे. त्या मला दोनदा गरम वरण वाढायच्या.

शेजारच्या बाईंचं निदान पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. गॅस. त्यांचा नवरा कोळसा खाणीतून निवृत्त झालेला, मुलं बल्लारपूरला आणि पुण्याला, आणि त्यांच्या मते या सर्वांच्या सर्व तक्रारी गॅसच्या होत्या. त्या मला ओवा आणून द्यायच्या. मी तो खायचे. ओव्याने काही होत नाही हे त्यांना सांगण्याची माझी हिंमत नव्हती, आणि खरं म्हणजे त्या आल्या की बरं वाटायचं.

एकदा दुपारी आम्ही दोघी पुढच्या खोलीत जमिनीवर बसून वाटाणे सोलत होतो. मला तोच धक्का बसला. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "आला बघा."

"काय आला?"

"ठोका. मी सांगते ना तुम्हाला, तोच."

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाल्या, "बाई, मंग तो माह्या बी छातीत आला काय? अन् ह्या वाटाण्यायच्या बी?"

मी थाळीकडे बघितलं. सोललेले वाटाणे अजून हळूहळू घरंगळत होते.

"अवो, खाणीतली ब्लास्टिंग होये ते," त्या म्हणाल्या. "रोज दुपारी उडवते ना. औंदा तर आणखी जवळ आले. तुम्ही इतके दिवस त्याले हार्ट समजून राह्यल्या काय?"

आणि त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला राग यायला हवा होता. पण इतक्या आठवड्यांनी घरात कुणीतरी असं हसत होतं की मीही हसले.

त्या गेल्यावर मी विचार करत बसले. इतकी वर्षं राजुऱ्यात राहणाऱ्या बाईला खाणीचा धक्का कळू नये, हे कसं? नोकरीच्या वर्षांत दुपारी मी कॉलेजात, गावाच्या दुसऱ्या टोकाला. निवृत्तीनंतर घरी होते, पण वाचत. आणि मग आठवलं. धक्का बसला की ताई आतून म्हणायची, "उडाला." उठून मांडणीवरचे डबे सरळ करायची. मी पुस्तकातून मान न काढता "हं" म्हणायचे. दोन वर्षं मी तो धक्का अंगाने घेतलाच नव्हता. तो मला ताईच्या एका शब्दातून कळायचा, आणि कळून संपायचा. ताई गेल्यावर खाण उडतच राहिली, शब्द मात्र बंद झाला. मग नाव नसलेला तो धक्का माझ्या छातीत येऊन राहिला. त्या दुपारी मी ताईसाठी रडले. अगदी ती गेल्याच्या दिवशीही असं रडता आलं नव्हतं.

सगळी धडधड खाणीची नव्हती, हेही खरं. बाजारात, एसटीत, जिथे कुठली खाण उडत नव्हती तिथेही एखादा ठोका चुकायचाच. पण आता डॉक्टरांचं म्हणणं आत शिरायला जागा झाली होती. ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त खात्री होती तीच जर कोळशाच्या खाणीत निघाली, तर बाकीच्या खात्र्यांचं काय मोठंसं? मी चहा कमी केला. संध्याकाळी फिरू लागले. पलंगाजवळ पाण्याचा पेला ठेवू लागले. पाणी हललं तर खाण. नाही हललं तर डॉक्टर म्हणाले होते तो आगंतुक, येईल आणि जाईल.

शेजारच्या बाईंच्या पोटात ही गोष्ट राहणं शक्य नव्हतं. आठवड्यात गल्लीभर झाली. दुपारी धक्का बसला की भिंतीपलीकडून कुणीतरी ओरडून सांगायचं, "बाई, हा खाणीचा होता, तुमचा नाई." माझ्या हृदयाकडे एवढं लक्ष याआधी कुणी दिलं नव्हतं.

संक्रांतीच्या आधी भाचा आला. गाडीत पुस्तकांसाठी रिकामी खोकी घेऊनच. मी त्याला सगळं फोनवर सांगितलं होतं, पण त्याला ती न येण्यासाठी रचलेली गोष्ट वाटली होती. दुपारी तो जेवला. हात धुऊन खुर्चीवर बसला आणि खोकी आणायला उठणार, तेवढ्यात खाण उडाली. खिडकीची तावदानं थरथरली. तो अर्धा उठलेला तसाच थांबला, चेहरा पांढरा, उजवा हात छातीवर.

मी म्हटलं, "खाणीचा आहे. तुझा नाही."

तो खाली बसला. हात मात्र तिथून काढला नाही. माझ्या लक्षात आलं की तो हात तिथे पहिल्यांदा गेलेला नाही. मी विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, आई गेल्यापासून. गुपचूप तीनदा पट्टी काढून आला होता; बायकोलाही सांगितलं नव्हतं. तिन्ही चांगल्या होत्या.

मग म्हणाला, "मावशी, तुला न्यायला आलो ते तुझ्यासाठी नाही बहुतेक. तू फोन उचलला नाहीस की मला इथलं ओट्यावरचं सगळं दिसायला लागतं."

मी त्याच्यासाठी अर्धा कप चहा केला आणि माझ्यासाठी अर्धा. डॉक्टरांनी तेवढा चालेल म्हटलं होतं. आम्ही ताईबद्दल बोललो. ती गेल्यापासून आम्ही दोघं फोनवर फक्त माझ्या तब्येतीबद्दल बोलत आलो होतो. ती रागावली की कशी भांडी आपटायची, याची त्याने नक्कल केली. शेजारच्या बाई ओवा घेऊन आल्या आणि त्याची हकिगत ऐकून त्यांनी पुडी माझ्याऐवजी त्याच्या हातात दिली. "ह्यालेच ठेवून घ्या इथी," मला म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा हाच बिमार दिसून राह्यला."

असं ठरलं की मी इथेच राहणार. रोज दुपारी खाण उडाली की मी त्याला फोन करायचा, त्याने नुसती माझ्या फोनची वाट बघत न बसता आपल्या डॉक्टरांशी एकदा मोकळं बोलून यायचं, आणि बायकोला आज सांगायचं. उन्हाळ्यात मी महिनाभर नागपूरला जाईन. थंड हवेसाठी नागपूर, ही आमच्या चंद्रपूर जिल्ह्याच्या उन्हात भाजलेल्या माणसांनाच सुचणारी कल्पना.

खोकी रिकामी जायला नकोत म्हणून शेजारच्या बाईंनी त्यात नवा तांदूळ, वांगी आणि लाखोळीची कोवळी भाजी भरली. गाडी गल्लीच्या टोकाला वळली आणि माझ्या छातीत एक ठोका चुकला. खाण केव्हाच उडून गेली होती; हा माझाच होता. मी फाटकाला धरून उभी राहिले. पुढचा ठोका जोरात आला, त्याच्या पुढचा नेहमीसारखा.

"गेला काय भाचा?" बाईंनी भिंतीपलीकडून विचारलं.

गेला, म्हटलं, आणि चप्पल घालून फिरायला निघाले.