माप नसलेली चिठ्ठी

शिंपीकाकांची वर्षभर एकच इच्छा होती: वरच्या मजल्यावरच्या, साहित्यात एम.ए. झालेल्या मुलीला खेळात एकदा तरी चकवायचं. सुट्टीच्या दुपारी कापडं कापायच्या टेबलावर डाव बसे. काकू शब्दकोशातून एखादा अनोळखी शब्द काढत. काका, मुलगी आणि काज-बटणं करणारा काकूंचा भाऊ, म्हणजे मामा, चिठ्ठीवर त्याचा खोटा अर्थ लिहीत. काकू त्यांत खरा मिसळून सगळे वाचत. खरा कोणता, ते ओळखायचं.

काका दर वेळी सापडत, कारण त्यांच्या अर्थात माप असायचंच. पक्षी लिहिला तरी तो वीतभर.

आज शब्द होता 'ठाणवई'. मुलीची चिठ्ठी सोडून तीन उरल्या. चार बोटं रुंद पट्टी. दिवा ठेवायची उंच बैठक. उठू लागलेल्या पाहुण्याला थांबवायला काढलेला विषय.

"चार बोटं! काका, तुम्ही काही सुधारत नाही," मुलगी हसली. "दिवा मामांचा. पाहुण्याचा अर्थ खरा."

"दिव्याचा खरा," काकू म्हणाल्या.

"आणि चार बोटं माझी," मामा म्हणाला. "भाऊजींनी सकाळीच पढवून ठेवलं होतं."

मुलीने पाहुण्याची चिठ्ठी उचलली. "काका, हे तुम्हाला सुचलं कसं?"

काका शांतपणे सुईत दोरा ओवत राहिले. हार मानून मुलगी उठली.

"आईचा गुडघा कसा आहे गं आता?" काकूंनी विचारलं.

मुलीने काकांकडे पाहिलं आणि परत बसली.