ज्या आडनावावर गाव थुंकायचं

स्केरहेव्हन या कोळ्यांच्या गावात आडनावं तीनच. मेअर, स्लेटर आणि फिंडले. दीडशे घरं, तीन आडनावं, आणि पहिली नावंही तीच ती, जॉन, जेम्स, अलेक्झांडर. गल्लीत एक हाक मारली की आठ दारं उघडायची. म्हणून प्रत्येक घराला एक टोपणनाव चिकटलेलं असे: कोणी बॉबिन, कोणी बदक, कोणी राजा. पोस्टमनपासून पाद्रीपर्यंत सगळ्यांचं काम त्या टोपणनावांवरच चालायचं.

चौथं आडनावही एक होतं, पण ते कोणी घेत नसे. कूल.

चुकून कोणाच्या तोंडून निघालंच, तर ऐकणारा आधी थुंकायचा आणि मग लोखंड शोधायचा. दाराची कडी, बुटाचा खिळा, खिशातला चाकू, जे मिळेल ते. "गार लोखंड, गार लोखंड," असं पुटपुटत त्याला हात लावायचा. समुद्रावर निघालेल्या माणसाला वाटेत कूल दिसला तर तो आल्या पावली घरी परतायचा, आणि बायकोने पहाटेपासून शिंपले फोडून आमिष लावलेली गळाची दोरी टोपलीतच कुजायची. कारण विचाराल तर ते कोणालाच माहीत नव्हतं. म्हणे फार वर्षांपूर्वी एका बोटीवर एक कूल होता आणि ती बोट बुडाली. अहो, त्या किनाऱ्यावर बुडालेल्या बाकीच्या सगळ्या बोटींवर मेअर आणि स्लेटरच होते! पण त्यांना कोण नावं ठेवणार? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि कावळ्याच्या सात पिढ्या बदनाम झाल्या.

एल्स्पेट कूलचा आजोबा डोंगरापलीकडच्या कूल नावाच्याच गावातून आलेला. पिंपं बनवायचा. हेरिंग मासे मिठात घालायला पिंपं लागतातच, म्हणून गावाने त्याला वरच्या टोकाला राहू दिलं. पिंप चालत होतं, पिंपवाला चालत नव्हता. त्या घराचा विषय काढायची वेळ आलीच तर लोक 'ते वरचे' म्हणत.

आईबाप एकाच हिवाळ्यात तापाने गेले तेव्हा एल्स्पेट एकोणीस वर्षांची होती आणि तिचा भाऊ जॉर्ज, म्हणजे डॉड, पाच वर्षांचा. तिने त्याला लहानाचा मोठा केला. पाद्रीच्या घरचे कपडे धुतले, मोजे विणून विकले. एकदा तिचं लग्न जमत आलं होतं, एका फिंडलेशी. पण त्या किनाऱ्यावर बाई लग्नानंतरही बापाचंच आडनाव चालवते, थडग्यावरही तेच कोरतात. मुलाची आई म्हणाली, "पोरगी गुणाची आहे, पण मेल्यावरसुद्धा ते तिच्या अंगावरून उतरायचं नाही." तिथेच ते बारगळलं.

एक नेम मात्र एल्स्पेटने स्वतःला लावून घेतला होता. पहाटे तिच्या दारावरून खाली जाणाऱ्या बंदराच्या जिन्यावर पुरुषांचे बूट वाजायला लागले की तिचं दार बंद. शेवटचा बूट खाली उतरेपर्यंत ती पाण्यालाही बाहेर पडत नसे. गावाचा तिला राग नव्हता असं नाही. पण आपल्या पायी कोणाच्या ताटातलं जाऊ नये, एवढं तिला वाटायचं. त्या गावाला एवढा चांगुलपणा कशाला हवा होता, देव जाणे.

डॉडचं तसं नव्हतं. शाळेत मास्तरांनी त्याला सांगितलं होतं की जुन्या गेलिक भाषेत कूल म्हणजे कोपरा.

"कोपरा!" एल्स्पेट म्हणाली होती. "तरीच आपल्याला तिथे बसवलंय."

"तू बस, एपी. मी नाही बसणार."

आणि तो बसला नाही. डॉड चोविसाव्या वर्षात असताना, हेरिंगचा ताफा उत्तरेला विक बंदराकडे निघायच्या तीन दिवस आधी जेम्स स्लेटर 'बॉबिन' या तांडेलाचा एक खलाशी पाय मोडून पडला. दुसरा माणूस मिळेना. अडला हरी म्हणतात तसा बॉबिन उन्हं कलताना वरच्या टोकाला आला आणि दाराची कडी घट्ट धरून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"पोरगं दणकट आहे," तो एल्स्पेटला म्हणाला. "नेतो मी. पण बोटीवर त्याला नाव नाही. आम्ही 'वरचा' म्हणून हाक मारू."

"आणि त्याने ओ नाही दिली तर?"

"देईल. जाळं ओढताना माणूस कशालाही ओ देतो."

"वरचा तर वरचा!" डॉड आतून ओरडला. "देवालाही तेच म्हणता ना?"

"तोंड आवर रे. बोटीवर असलं काही बोललास तर पाण्यात उतरवीन."

एल्स्पेटला नाही म्हणायचं होतं. पण डॉडचा चेहरा इतका फुलला होता की तिच्याच्याने ते झालं नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात वादळ आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी विकहून पाद्रीच्या नावाने तार आली. चर्चच्या पायरीवर उभं राहून त्याने ती वाचली: "बॉबिनची बोट खडकावर फुटली. जॉन मेअर, अलेक्झांडर स्लेटर बुडाले. बाकीचे सुखरूप."

बोटीवर सहाजण होते. सहातून दोन गेले, म्हणजे चार वाचले. एल्स्पेट गर्दीच्या मागे उभी होती. तिला आनंद झाला. समोर दोन बायका ऊर बडवत होत्या आणि तिला आनंद झाला, आणि त्याची तिला लाज वाटली.

ती लाज घेऊनच ती जॉन मेअरच्या बायकोकडे, बेथियाकडे गेली. एरवी बेथियाने तिला दारात उभं केलं नसतं, पण दुःखात कोण आलं कोण गेलं हे कोण बघतं? एल्स्पेटने तिची भांडी घासली, पोरांना पेज भरवली.

"तुझा वाचला ना?" बेथियाने विचारलं.

"वाचला."

"बरं झालं. तूच तर वाढवलास त्याला."

त्या चार दिवसांत एल्स्पेटने डॉडचे सदरे धुतले, गादीतला जुना भुसा काढून ओटचा नवा भुसा भरला, त्याला आवडतात तशा कडक ओटच्या भाकऱ्या भाजल्या. तो आता पुन्हा बोटीवर जाणार नाही असं तिने ठरवलं होतं. रडला, ओरडला तरी नाही. दिवसभर हात चालत होते आणि मनात त्याच्याशी भांडण चालू होतं, लाडाचं.

पाचव्या दिवशी गाडी आली. बॉबिन उतरला, त्याचा डावा हात गळ्यात बांधलेला होता. त्याच्यामागून दोघे उतरले. मग गाडीवान घोडा सोडायला लागला.

"डॉड मागून चालत येतोय का?" एल्स्पेटने विचारलं.

मागचे दोघे आपापली बोचकी उचलून घराकडे वळले.

"बॉबिन, डॉड कुठाय?"

"घरी चल, बाई."

"घरी त्याचं अंथरूण घालून ठेवलंय. तो कुठाय?"

"गेला. पहिल्याच लाटेत. जॉनच्याही आधी."

"तारेत नव्हतं."

बॉबिन आपल्या बुटांकडे बघत बोलला. "कारकुनाने विचारलं, कोण कोण गेले? मी दोन नावं सांगितली. तो म्हणाला, अजून कोणी? आपल्या अकरा बोटी तेव्हा बाहेर होत्या, एल्स्पेट. त्यात माझे दोन भाऊ. छपरं उडत होती. अशा वेळी ते नाव मी तोंडाबाहेर काढलं असतं आणि एक जरी बोट आली नसती... मी गप्प राहिलो. त्याने आपलं लिहून टाकलं, बाकीचे सुखरूप."

बॉबिन वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर त्याला शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

"चार दिवस मी मनात हसत होते," एल्स्पेट म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "बेथियाच्या घरात, तिच्या पोरांच्या तोंडात चमचा घालताना मी मनात हसत होते. ते तू मला करायला लावलंस. आता तुझ्या सगळ्या बोटी आल्यात. आता घे त्याचं नाव."

बॉबिनने तोंड उघडलं. त्याचा उजवा हात आपसूक मागे गेला, चाकाची लोखंडी धाव सापडेपर्यंत चाचपडत राहिला, आणि तोंड मिटलं.

डॉडचं प्रेत मिळालं नाही. पुरायला काही नव्हतं, म्हणजे नाव सोडून त्याचं काहीच उरलं नव्हतं. रविवारी पाद्रीने चर्चमध्ये तिन्ही नावं वाचली. पहिल्या दोन नावांना हुंदके ऐकू आले. तिसऱ्याला सगळं चर्च एकदम खाली वाकलं, बुटांच्या खिळ्यांना हात लावायला. एल्स्पेट एकटी ताठ बसली होती. समोर तिला नुसत्या पाठी दिसत होत्या. त्या दिवशी तिच्यातला चांगुलपणा संपला.

सप्टेंबरात ताफा घरी परतला आणि गळाने हॅडॉक मासे धरायला सुरुवात झाली. सोमवारी पहाटे पहिला माणूस टोपली खांद्यावर घेऊन जिन्यापाशी आला तर वरच्या पायरीवर शाल घेऊन एल्स्पेट उभी.

"बाजूला हो गं, चेटकिणी!"

"मी कुठे वाट अडवलीये? जिना रुंद आहे. जा की."

तो गेला नाही. त्याच्यामागचाही गेला नाही. बंदरात उतरायला तो एकच जिना. शिव्या देत, थुंकत सगळे घरोघर परतले.

"बॉबिनने सगळ्यांसमोर माझ्या भावाचं नाव घ्यावं," ती प्रत्येकाच्या पाठीला सांगत होती. "एकदाच. मग मी कोणाला दिसायची नाही."

मंगळवारी बायका आल्या. त्यांनी रिकामे शिंपले फेकून मारले, एक तिच्या भुवईवर लागला.

"आमची पोरं उपाशी निजतील, त्याचं पाप कोणाला?" एकीने विचारलं.

"बॉबिनला विचार."

"आत्तापर्यंत किती गरीब गाय वाटायचीस गं!"

"गाईलाही शिंगं असतात, बाई."

तीही दोन दिवस जेवली नव्हती, हे तिने सांगितलं नाही. पाद्रीच्या बायकोने कपडे धुवायला पाठवणं बंद केलं होतं.

बुधवारी जिन्यावर पन्नासएक माणसं जमली. कोणी शिवी दिली नाही, कोणी वळलंही नाही. सगळे बॉबिनकडे बघत होते. गाव आता त्याच्यावर उलटलं होतं. तो पुढे आला. दोन्ही हात त्याने मुद्दाम बाहेर, सगळ्यांना दिसतील असे धरले होते. रिकामे. भर थंडीत त्याच्या कपाळावर घाम होता.

"जॉर्ज कूल," तो म्हणाला. मग थांबून पुन्हा म्हणाला, "जॉर्ज कूल माझ्या बोटीवर होता. चांगला खलाशी होता. तो बुडाला आणि मी सांगितलं नाही."

एल्स्पेट बाजूला झाली आणि घरी गेली. तिला वाटलं होतं की आता रडू येईल. आलं नाही. नव्या भुशाच्या त्या गादीवर ती आडवी झाली आणि तिला झोप लागली.

जाग आली ती हाकेने.

"एल्स्पेट कूल! अगं ए एल्स्पेट कूल, आहेस का घरात?"

ती धडपडत उठली. दारात बेथिया उभी होती. डोळे सुजलेले, पण हसत होती. हातात दोरीत ओवलेले दोन जाडजूड हॅडॉक. कोळ्याच्या घरून त्या घरी मासळी येण्याची ही पहिलीच वेळ.

"बोटी काठोकाठ भरून आल्या गं! पाच वर्षांत असा मासा पाहिला नाही. आणि तेही नाव घेऊन! जिन्यावर, ऐन निघताना घेतलं, आणि तरी! खाली सगळे म्हणतायत, संपलं ते. त्या नावात जे काही होतं ते तुझ्या डॉडने आपल्याबरोबर खाली नेलं. फिटलं सगळं." तिने एल्स्पेटचा हात धरला. "माझा जॉन त्यापायी गेला, पण मी आता तुझ्यावर राग धरत नाही. खरंच सांगते. घे, ताजे आहेत."

एल्स्पेटला सांगायचं होतं की मासे कोणाचं आडनाव विचारत नाहीत. नावात आज काही नव्हतं तर ऑगस्टमध्येही नव्हतं, आणि त्या दिवशी तारेत घालायलाही काही हरकत नव्हती. जॉनला खडकाने मारलं. पण बेथियाचा हात गरम होता, घट्ट होता. तिचा नवरा उगाच मेला नाही, काहीतरी फिटलं म्हणून मेला, एवढंच तिच्याजवळ होतं.

एल्स्पेटने मासे घेतले. भूक लागली होती. तिने ते साफ करून उकडले आणि दोन्ही खाल्ले.

दुसऱ्या दिवशी पहाटे जिन्यावर बूट वाजायला लागले तेव्हा तिने दार उघडलं आणि बाहेर येऊन उभी राहिली. माणसं तिच्याजवळून खाली उतरत होती.

"गारठा वाढला, एल्स्पेट कूल," एक म्हणाला.

"दार लावून घे, एल्स्पेट कूल, बाधेल," दुसरा म्हणाला.

बॉबिन सगळ्यांच्या शेवटी आला. त्याने टोपीला हात लावला आणि तोही उतरून गेला. नाव घेणं इतकं सोपं होतं, हे तिला सोसवेना. एकाने तरी मागे वळावं, एकाने तरी थुंकावं, म्हणून एल्स्पेट शेवटचा बूट वाजेपर्यंत तिथेच उभी राहिली.