घसरनारे आन् बसनारे

त्या दिशी पडवीत आमी पाच जन व्हतो. मी, माजी थोरली लेक, तिच्या पाठचा ल्योक, त्याची बायकू म्हंजी माजी सून, आन् सुनंची आय, म्हंजी माजी इनबाई. इनबाई अकोल्याकडची, लेकीकडं र्‍हायला आली व्हती. आनखी एक म्हस, पर ती गोठ्यात.

आमचं घर पौडाकडं, चांदे गावात. ल्योक आन् सून दोगंबी हिंजवडीला कम्प्युटरच्या कंपनीत. तवा तितं नव्या-नव्या काचंच्या बिल्डिंगी हुबार्‍हात व्हत्या. ह्यो शिकला, लागला, आन् तितलीच एक पोरगी करून आनली. पोरगी चांगली हाय.

थोरलीचं सांगते. नुकती चालाया लागली व्हती तवा ताप आला, त्यात डावा पाय ग्येला. वाळून काटकी झाला. तिचा बाप बी लौकर ग्येला. मी भरे गावात लोकाच्या खाचरात लावनी केली, पिरंगुटला कंपनीच्या क्यांटीनात भांडी घासली. लेकीला काखंला मारून पौडाला दवाखान्यात न्यायची. ती चांगली मोटी झाली तरी न्यायची. मंग येक दिस रस्त्यातच म्हनली, "आय, खाली ठिव मला." तवापास्नं गुडघ्यावर हात दाबून चालती. लगीन झालं न्हाई. मिशीन चालवती, गावातल्या बायांची पोलकी शिवती.

तर त्या दिशी भात झोडून झालं व्हतं, सगळी निवांत व्हती. ल्योक म्हनला, "आई, आपण सगळे काश्मीरला जाऊ. बर्फावर स्की करायला."

"म्हंजी काय करायला?"

"पायाला लांब फळ्या बांधायच्या आणि डोंगरावरून घसरत खाली यायचं."

"का?"

"का म्हणजे? मजा."

मी म्हनलं, "आरं, लावनीला बांधावरनं घसरून माजं माकडहाड मोडलं व्हतं. मला काय मजा आली न्हाई."

सून हसाया लागली. इनबाई म्हनली, "अवो इनबाई, आमच्या अकोल्यात उन्हाळ्यात जीव जाते. मले तं नुसतं त्या बर्फावर बसवून द्या, मी उठतच नाई."

मंग ल्योकानं ठरवाठरवी केली. घसरनारी दोगं, त्यो आन् सून. आमी तिघी बसनार्‍या. त्यो म्हनला, घसरायची जागा वर, तुमची खोली खाली, आमी दिसभर वर जाऊ आन् सांजचं येऊ.

ह्ये मातर मला उमजलं. आमच्याकडं कुळदैवताला जायचं म्हंजी हीच रीत. देव डोंगरावर. टेंपो खाली लावायचा. ज्यांच्या पायात जोर हाय ती वर जात्यात. म्हातारी, बाळतिनी, लंगडी-पांगळी खाली झाडाखाली बसत्यात. तीन दगडं मांडायची, चूल पेटवायची, भाकरी थापायच्या, कालवन टाकायचं. वर ग्येलेली भुकेजून खाली येत्यात आन् जेवत्यात. थोरली आन् मी दर साली खालीच. म्हनलं, म्हंजी ह्ये बी तसंच हाय.

पर मंग येवढ्या लांब जायचं तर काय तरी बोललेलं असनार. मी ल्योकाला इचारलं, "नवस कुनाचा हाय?"

"नवस कसला आई?"

"आरं, मंग डोंगर चढायचा कशापायी?"

"उतरायला."

माजं डोस्कं फिरलं. चढायचं उतराया, आन् उतरायचं पुना चढाया. मला वाटलं, इनबाईम्होरं नवसाचं बोलत न्हाई. मी बी मंग इचारलं न्हाई.

दिस जवळ आलं तशी मी तयारीला लागले. तांदळाचं पीठ दळून आनलं. लसनाची चटनी कुटली. वाळलं बोंबील भाजून डब्यात भरलं. मोटं पातेलं काढून राखंनं लख्ख घासलं. आन् बाभळीच्या काटक्या तोडून येक बारकी मोळी बांधली. समदं दाराशी नीट मांडून ठिवलं.

सून कामावरनं आली आन् थबकलीच. "आई, हे काय?"

"सरपान."

"विमानात लाकडं न्यायची?"

"अगं, तितं समदीकडं बर्फ. वाळलं लाकूड कुटं गावनार? ह्यो घसरून आला म्हंजी खानार काय?"

सून खाली बसून हसाया लागली. इनबाई भाईर आली, मोळी बगून ती बी हसली. ल्योक हसला. म्हनला, "आई, हॉटेल आहे. जेवण तेच देतात."

"मंग आमी तिघींनी दिसभर करायचं काय?"

"काही नाही. आराम करायचा."

येवढं इमानानं जायाचं आन् काय करायचं न्हाई. मला काय बी समजंना.

तेवढ्यात थोरलीनं मिशीन थांबवली. म्हनली, "आय, ते पातेलं आत ठिव. मी न्हाई यायची."

ल्योक म्हनला, "अक्का, का गं?"

"हितं म्हस कोन बगनार? तुमी जावा."

"म्हशीचं शेजारी बघतील. खरं सांग."

ती उटली, गुडघ्यावर हात दाबून दारात आली. म्हनली, "आपला डोंगरावरचा देव कसा दिसतो मला ठावं न्हाई. फोटूत बगितलाय. जलम ग्येला खाली भांडी राखन्यात. आता काश्मीरात जाऊन बी खालीच बसायचं? ते मी हितं बी करते."

ल्योकाचं तोंड उतरलं. "अगं, तुझ्यासाठी मुद्दाम खिडकीची खोली घेतली. खिडकीतून सगळा डोंगर दिसतो."

"खिडकी हितं बी हाय."

"मग काय करू मी? पाठीवर घेऊन चढू?"

"तुला जमंल? आयला जमलं व्हतं."

ल्योक रागावला का त्याला रडू आलं, मला कळंना. त्यो थोरलीवर जीव टाकतो. तिला ठेस लागली तर ह्यो कळवळतो. आन् ती बी त्याच्यावर टाकती. मंग ही दोगं भांडत्यात कशापायी? मी कुनाच्या बाजूनं बोलावं? म्या आपली मोळी उचलून गोठ्यात टाकली.

सून कम्प्युटर घिऊन बसली. थोड्या टायमानं म्हनली, "ताई, इकडे या. तिथं तारेवरचा पाळणा आहे. त्यात बसून वर जायचं, बसूनच खाली यायचं. चढायला नको." पडद्यावर चित्र व्हतं. खाली पांढरं, आन् तारेला डबं लोंबकाळत्यात.

ल्योक हळूच म्हनला, "मला माहीत होतं पाळण्याचं."

थोरली वळली. "आन् बोलला न्हाईस?"

"पाळण्यापर्यंत बर्फातून चालावं लागतं अक्का. निसरडं असतं. तू पडलीस तर?"

तवर इनबाई म्होरं सरकली. ती म्हनली, "काय जावईबापू, तुमी तं पडालेच चालले ना इतक्या दूर? तुमी पडले तं मजा, अन् हे पडली तं घोर?"

मी थोरलीला इचारलं, "तुला जायचं हाय का?"

"व्हय."

"पडलीस तर?"

"उटंन."

मंग झालं. म्हस शेजारनीच्या हवाली क्येली, आन् माघात आमी ग्येलो. दोन इमानं बदलली. कानाला दडं बसलं. तितं समदी बोलत्यात त्यातलं मला कळंना, आन् समदी भली वागत्यात ते बी कळंना, कारन गावात लोकांनी लई घाबरवून सोडलं व्हतं.

दुसर्‍या दिशी पाळन्याकडं निगालो. येका अंगाला ल्योक, येका अंगाला सून, मधी थोरली. पाळना थोडकाच लांब र्‍हायला आन् ती पडली. फतकल मारूनच बसली बर्फात. ल्योक पांढरा फटक पडला. मी काखंत हात घालाया धावले, तर तिनं हात वर केला, म्हंजी कुनी येऊ नका. बसली जराशी. बर्फ हातात घेतलं, बगितलं, टाकलं. मंग गुडघ्यावर हात दाबून उटली. ती आन् इनबाई डब्यात बसल्या. डबा हालला, ग्येला. मी डोळं मिटलं. उगडलं तवर धुक्यात दिसंना झाला.

मला बी बस म्हनली व्हती. मी न्हाई बसले. कुनी तरी खाली पायजे असं वाटलं. का वाटलं, ते मला आजून सांगता येत न्हाई. तितल्याच हाटेलातल्या मानसानं च्या आनला, शेकाया मडक्यात निकारं आनलं, शाल घातली. हातात काम न्हाई. ल्योक आन् सून, आदी शिकायचं म्हनून, जवळच बारक्या उतारावर फळ्या बांधून पडत व्हती, उटत व्हती, पुना पडत व्हती. बगून हसावं का रडावं कळंना.

थोरली खाली आली तवा तिचं नाक लाल व्हतं. म्हनलं, "देव व्हता का गं वर?"

"न्हाई."

"मंग काय व्हतं?"

"काय न्हाई आय. पांढरं. आन् वारं."

"आन् येवढ्यासाठी घरात भांडलीस?"

"व्हय," म्हनली. आन् रातच्याला पोटभर जेवली, इनबाईला डब्यात कसं भ्याव वाटलं त्याची नक्कल करून दावली. येवढी हसताना मी तिला कदी बगितली नव्हती. वर काय न्हाई म्हनती आन् हसती. ते कोडं मला सुटलं न्हाई, मी सोडवाया बी ग्येले न्हाई.

वाचनार्‍यांना येवढंच सांगनं हाय. तुमच्या घरात कुनी चालाया अडत आसंल, आन् तुमी समदी कुटं निगाला असाल, तर त्यानं कुटं बसायचं ते तुमी ठरवू नका. आदी त्याला इचारा.